बांधावरचे विष

आमच्या गावात रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. आणि कुणाला साप चावला, तर 'साप चावला' असेही कुणी म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. लहानपणी मला हे खरेच वाटायचे. कुठल्या तरी झाडाचे पान अंगाला लागून माणसे मरतात अशी माझी समजूत होती, आणि कितीतरी दिवस मी रुईच्या झाडाजवळून जाताना फ्रॉक सावरून घेत असे.

यंदाच्या वार्षिकांकासाठी मी सापाच्या विषावर लिहिणार असे सांगितले तेव्हा मैत्रिणी हसल्या. "अगं, आपण आर्टसच्या. विषाबिषाचं सायन्सवाले बघतील. तू आपली बहिणाबाईंवर लिही." बहिणाबाईंवर लिहायला मला आवडलेच असते. पण ग्रंथालयात बसून आपल्या महाविद्यालयाचे मागचे काही अंक मी चाळले. कवितांमध्ये साप पुष्कळ सापडले. व्यवस्थेचा साप, संशयाचा साप, आठवणींचा फणा. वावरातला खरा साप मात्र एकाही अंकात नाही. ज्या जिल्ह्यात नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे, जिथे नागपंचमीला बाया वारुळापुढे बसून गाणी म्हणतात आणि त्या दिवशी विळीने चिरत नाहीत, जिथे निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांची आईवडील मंडळी सोयाबीनच्या आणि हळदीच्या रानात वाकून काम करतात, तिथल्या अंकाची ही गोष्ट.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मी काही शास्त्रीय प्रबंध लिहीत नाही. पण दोन प्रसंग माझ्या अंगावरून गेलेले आहेत आणि त्या दोन प्रसंगांनीच मला या विषयाकडे ढकलले, ते आधी सांगते.

पहिला प्रसंग मी तिसरीत असतानाचा. कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना बोटाला विंचू चावला. बारीक, तांबूस रंगाचा. थोड्याच वेळात घामाने फ्रॉक ओला झाला, उलट्या सुरू झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले आणि छातीत असे धडधडू लागले की आईला लुगड्यावरूनही ते जाणवत होते. वडिलांनी मला शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी एक लहानशी गोळी दिली. काही तासांनी पुन्हा एक दिली. दुसऱ्या दिवशी मी घरी आले. आजीने नारळ फोडला आणि गोष्ट संपली.

दुसरा प्रसंग मी दहावीत असतानाचा. श्रावण होता. माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, रात्री आखाड्यावर वाकळ टाकून जमिनीवर झोपले होते. पहाटे उठून बसले. "पोटात मुरडा मारायलाय," म्हणाले. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. रात्रीचे पिठले बाधले असेल म्हणून काकूने ओवा दिला, सोडा दिला. मग नानांच्या पापण्या जड होऊ लागल्या. झोप पुरी झाली नाही म्हणून असेल, असे सगळ्यांना वाटले. बोलताना जीभ अडखळू लागली तेव्हा कुणीतरी म्हणाले, पान लागले असेल. मग गावातल्या जाणत्याकडे नेले. त्याने कडुलिंबाचा पाला खायला दिला, मंत्र म्हटले. त्यात दोन तास गेले. तिथून दवाखान्यात. दवाखान्याचे नाव मी घेत नाही; त्या वेळी तिथे लस होती, ती देणारे कुणी नव्हते. तिथून जीपमधून पुढच्या मोठ्या दवाखान्याकडे. अर्ध्या वाटेत नानांचा श्वास थांबला. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण आपण काय बोलतो ते त्यांना ऐकू येत होते, असे काकू अजूनही सांगते. मला वाटायचे की दुःखात माणूस असे काहीतरी बोलते. आता कळले, काकूचे बरोबर होते.

ती मण्यार होती. मण्यारीच्या विषात माणसाची शुद्ध हरपत नाही, स्नायू हरपतात.

विष म्हणजे काय, हे मला बारावीपर्यंत कुणी सांगितले नव्हते. विष म्हणजे काळा, हिरवा, जळजळीत असा काहीतरी एकच पदार्थ, अशीच माझी कल्पना होती. प्रत्यक्षात सापाचे विष हा तोंडातल्या ग्रंथींत तयार होणारा द्रव आहे आणि त्यात डझनावारी पदार्थांचे मिश्रण असते. त्यांतले बहुतेक दोन जातींचे. एक विकरे, म्हणजे एन्झाइम. आणि दुसरी प्रथिनांची छोटी भावंडे, म्हणजे पेप्टाइड.

भाकरीचा घास तोंडात बराच वेळ चावला की गोड लागू लागतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. लाळेतले विकर पिठातल्या स्टार्चची साखर करीत असते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई घालतात, तेही विकराचेच काम. विकर स्वतः खर्ची पडत नाही. एक रेणू तोडून झाला की दुसऱ्याकडे वळते. म्हणून तर थेंबभर विषाने एवढा अनर्थ होतो. आणि पेप्टाइड म्हणजे माळ समजा. अमिनो आम्ले हे तिचे मणी. मण्यांचे मुख्य प्रकार वीस, पण ते कोणत्या क्रमाने ओवले यावर माळेचा गुण ठरतो. मधुमेहाच्या रोग्याला टोचतात ते इन्सुलिन ही ५१ मण्यांची, दोन सरांची पोत आहे. तिचे सर्व मणी कोणत्या क्रमाने आहेत हे फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५५ पर्यंत उलगडले आणि १९५८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता घोणस आणि फुरसे घ्या. यांच्या विषात रक्त गोठविणाऱ्या यंत्रणेला डिवचणारी विकरे असतात. घोणशीचे विकर एका घटकाला चेतवते, फुरश्याचे दुसऱ्याला. रक्त गोठविण्यासाठी शरीराने राखून ठेवलेला सगळा साठा त्या गडबडीत संपून जातो. मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून येते, लघवीतून येते. हे ओळखण्याची परीक्षा इतकी साधी आहे की ती वाचून मी पुस्तक मिटून बसले. रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी तिरपी करून पाहायची. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. वीज नको, यंत्र नको. काचेची नळी आणि घड्याळ.

नागाच्या विषातली पेप्टाइडे निराळी. साठ-सत्तर मण्यांची ती माळ स्नायूच्या दारावर जाऊन बसते, आणि मज्जातंतूचा निरोप दारातच अडतो. मण्यारीचे विष याहून पुढचे. त्यातले एक विकर मज्जातंतूच्या टोकात शिरून ते टोकच निकामी करते. दारावरचा पहारा उठविता येतो. जळालेले घर पुन्हा बांधावे लागते. म्हणून मण्यारीच्या बाबतीत लस उशिरा दिली तर तिचा उपयोग उणा होतो आणि माणसाला कित्येक दिवस यंत्राच्या श्वासावर ठेवावे लागते. तंतू पुन्हा वाढतात, माणूस बरा होतो, पण तेवढे दिवस कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घ्यायला हवा. चावल्याची जागा दिसत नाही, पोटात दुखते, पापण्या पडतात. नानांना झाले ते सगळे पुस्तकात जसेच्या तसे छापलेले होते. आमच्या आखाड्यावर तेवढे ते पोहोचलेले नव्हते.

याच विषांचे पुढे जगाने काय केले, ते वाचून मला कौतुकही वाटले आणि रागही आला.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे. त्याच्या विषातली काही पेप्टाइडे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा जोर वाढवितात, असे सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९६५ साली दाखविले. ही पेप्टाइडे आपल्याच शरीरातल्या एका विकराला अडवतात आणि ते विकर रक्तदाब वाढविणारे असते. अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्या माळेच्या नमुन्यावरून एक लहान रेणू घडविला, जो पोटातून घेता येईल. ते कॅप्टोप्रिल. १९८१ साली ते अमेरिकेत मान्य झाले. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच पुढची पिढी. आमच्या गावचे निवृत्त गुरुजी रोज सकाळी चहाबरोबर त्यांतलीच एक गोळी घेतात. ही गोळी सापाच्या विषावरून सुचली, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून गोळीकडे पाहिले आणि मग ती घेतली.

पण ब्राझील लांब राहिले. फुरसे तर आपले. खडकाळ माळावर, दगडाखाली, वीतभर लांबीचे, अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करणारे. याच्या जातीच्या विषातून ४९ मण्यांचे एक पेप्टाइड मिळाले. त्याला एकिस्टॅटिन म्हणतात. त्यातले एका ओळीत येणारे तीन मणी रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू देत नाहीत. या तीन मण्यांची नक्कल करून मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी टिरोफिबान नावाचे औषध तयार केले. १९९८ पासून ते हृदयविकाराच्या झटक्यात वापरले जाते. आणि मला चावला तो लाल विंचू? त्याच्या विषातून ३७ मण्यांचे एक पेप्टाइड १९९० साली वेगळे करण्यात आले. पेशींच्या भिंतीतली पोटॅशियमची दारे कशी चालतात हे तपासायला ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. अमेरिकेतल्या वाळवंटी भागात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या ३९ मण्यांच्या माळेवरून तर मधुमेहाचे इंजेक्शन निघाले, २००५ साली.

म्हणजे बांधावरच्या विषाचा एक एक मणी मोजून झालेला आहे. त्यावरून शहरातल्या माणसाच्या हृदयाचे औषध झाले. ते व्हायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या तालुक्यातल्या माणसालाही झटका येतोच. माझा प्रश्न एवढाच की ज्याच्या पायाला ते फुरसे चावते, त्याच्यासाठी काय झाले?

त्याच्यासाठी घोडा आहे. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात जी रीत काढली, तिच्यावरच मुख्य भिस्त आजही आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की ती काढून घ्यायची. मुंबईत परळला हाफकिन संस्थेने हे काम पिढ्यान् पिढ्या केले आहे आणि महाराष्ट्राने तिचे उपकार मानले पाहिजेत. यातही विकराचा एक गमतीचा भाग आहे. घोड्याच्या प्रतिद्रव्याचा नको असलेला तुकडा छाटण्यासाठी पेप्सिन वापरतात, जे आपल्या जठरात मटण पचविते तेच. विकराच्या विषावरचा उतारा विकरानेच साफ करायचा.

पण आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर मिळून एकच असते, आणि तिच्यासाठी लागणारे विष बहुतांशी तमिळनाडूतून येते. तिथे इरुळा जमातीच्या लोकांची सर्प पकडणाऱ्यांची, १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था हे काम करते. त्यांचे कौशल्य मोठेच. अडचण सापाची आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यातल्या विकरांचे आणि पेप्टाइडांचे प्रमाण बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने हे वारंवार दाखवून दिले आहे आणि त्यामुळे लस सगळीकडे सारखी लागू पडत नाही, हेही. आपल्या बोलीचे तसेच नाही का? परभणीचा माणूस पुण्यात बोलला की लोक वळून पाहतात. मराठवाड्याच्या घोणशीची बोली तमिळनाडूच्या घोणशीसारखीच असेल असे गृहीत धरून आपण चाललो आहोत.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक सारे खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत २०१७ साली घातले. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर रोज विकत घेतो. साप चावलेला माणूस लस आयुष्यात एकदा घेतो आणि त्याच्या खिशात बहुधा पैसे नसतात. कंपन्यांना हे गणित बरोबर कळते. आफ्रिकेतल्या सापांवरची एक नामांकित लस सनोफी कंपनीने २०१४ साली बनविणे बंद केले आणि २०१६ पर्यंत तिचा साठा संपत आला. त्या कंपनीला मी फार शिव्या देणार नाही. कंपनी कंपनीसारखी वागली. बाजाराला जे परवडत नाही ते कुणी करायचे, याचे उत्तर मात्र कुणी तरी द्यायला हवे.

आता त्या गोळीकडे येते, जी मला तिसरीत मिळाली.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने माणसे, विशेषतः लेकरे, मरत होती. विंचवाच्या विषातली पेप्टाइडे मज्जातंतूंची सोडियमची दारे उघडीच ठेवतात. शरीरात जणू वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय दमते आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी केल्या. त्यांतून प्राझोसिन या रक्तदाबाच्या, बाजारात आधीच मिळणाऱ्या गोळीपर्यंत ते पोहोचले. १९८६ साली लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात त्यांचा अनुभव छापून आला. गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांत पूर्वी पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे हाफकिनचे विंचवावरचे प्रतिविषही निघाले. ते प्राझोसिनच्या जोडीला दिले तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही बावस्कर दांपत्याने महाडमध्येच तपासून २०११ साली मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला यात पद्मश्रीपेक्षा त्या आरोग्य केंद्रातली खाट महत्त्वाची वाटते. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, काचेची भांडी आणि परदेश येतो. इथे मराठवाड्यातल्या खेड्यातून गेलेल्या एका माणसाने आधी रुग्ण नीट पाहिला. ते पाहणे हीच प्रयोगशाळा झाली. आणि मी, कडब्याच्या गंजीतली एक पोर, त्या नोंदवहीमुळे जिवंत आहे, हे मला दहा वर्षांनी कळले.

कमलाबाई सोहोनींचे नावही इथे घ्यावेसे वाटते, कारण विकरांच्या आणि प्रथिनांच्या शास्त्रात एवढी मोठी मराठी बाई होऊन गेली हे आपल्या किती विद्यार्थिनींना ठाऊक आहे? १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला; त्या अडून बसल्या आणि तो मिळविला. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. घेतली. मुंबईला येऊन त्यांनी काय अभ्यासले, तर डाळींमधली प्रथिने आणि त्यांच्या पचनात अडथळा आणणारे घटक, आणि गरिबांच्या लेकरांना परवडेल असे पोषण म्हणून नीरा. केंब्रिजमध्ये बटाट्यातल्या पेशींचे श्वसन उलगडणारी बाई मुंबईत गरिबाच्या ताटाकडे वळली. अशी वळणारी माणसे थोडी असतात.

आमचे एक प्राध्यापक मला म्हणाले, "तुझा मुद्दा ठीक आहे, पण मांत्रिकाबद्दल तू एक शब्दही लिहीत नाहीस. अंधश्रद्धेवर प्रहार करायला हवा." सरांचा आदर राखून मला वेगळे वाटते. तो जाणता माणूस त्या पहाटे अंथरुणातून उठून आला, एक पैसा न घेता बसला. त्याच्या हातून माणसे 'बरी' होतात हेही खोटे नाही. कारण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही पुष्कळदा चावताना विष सोडत नाही. ज्याला विष लागलेच नाही तो मंत्राने उठून बसतो, आणि गाव त्याचा हिशेब ठेवते. मेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्या जाणत्याला शिव्या देण्यापेक्षा, पापण्या पडू लागल्या की मंत्र थांबव आणि जीप बोलाव, एवढे कुणी त्याला विश्वासात घेऊन सांगितले असते तर नाना राहिले असते, असे मला वाटते. त्याला हे सांगणारी भाषा इंग्रजी नाही. ती पुस्तकी मराठीही नाही, जी मी इथे लिहिते आहे. म्हणूनच 'हा विषय आर्टसचा नाही' हे मला पटत नाही.

आपल्या औंढा तालुक्यात लायगोची वेधशाळा होते आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून, कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याचे कंपन इथे मोजले जाणार आहे. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण त्याच माळावरच्या फुरश्याचे विष मोजायला एक खोली जिल्ह्यात नसावी, हे कसे? मराठवाड्यातल्या सापांचे विष कायद्याने परवानगी घेऊन इथेच गोळा व्हावे, त्यातली विकरे, पेप्टाइडे तपासली जावीत आणि ते घोड्याला टोचण्याच्या विषात मिसळले जावे, ही मागणी काही चंद्र मागण्यासारखी नाही. २०२४ साली केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी. त्यातले आपल्या तालुक्याच्या वाट्याला काय आले, हे विचारायला विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. दवाखान्यात जाऊन काचेची नळी आहे का, लस किती आहे आणि रात्री ती देणारे कोण आहे, एवढे तीन प्रश्न आपल्यातला कुणीही विचारू शकतो. मी विचारून पाहिले. एका ठिकाणी मला कपाट उघडून दाखविले, दुसऱ्या ठिकाणी 'तू कोण?' असे विचारले.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गेल्या हिवाळ्यात एका वस्तीवर मला बायांसमोर बोलायला उभे केले. मी विकर, पेप्टाइड हे शब्द टाळले. पान लागणे म्हणजे काय, पापण्या कशा पडतात, पोटात का दुखते, जखम दिसली नाही तरी का निघायचे, ते सांगितले. दोरीने आवळू नका, ब्लेडने कापू नका. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. बाजेवर झोपा, मच्छरदाणी चारी बाजूंनी वाकळीखाली खोचून घ्या, कारण मण्यार रात्री अंथरुणात येते. बाया शांतपणे ऐकत होत्या. मला वाटले, भाषण छान झाले.

मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "समदं खरं हाय माय तुझं. पन बाजा कोन देनार?"

मी वहीत उत्तर शोधल्यासारखे केले. तिनेच हात धरून मला घरात नेले. पत्र्याची एक खोली. माणसे सात, बाज एक. ती भिंतीला उभी टेकवून ठेवलेली होती, कारण आडवी टाकली की चुलीपाशी बसायला जागा उरत नाही.

(बी. ए. द्वितीय वर्ष)